गोलाईत पहिल्यांदा जाताय? गादी, डाळ आणि सोळा रस्ते

दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवसांत आमच्या गल्लीत बाहेरगावच्या गाड्या दिसायला लागतात. परभणीच्या, बीडच्या, हिंगोलीच्या, आता तर विदर्भातल्याही. आधी आई उतरते, मग वडील, आणि शेवटी कानात वायर घातलेलं लेकरू. लातूरच्या ट्यूशन एरियापासून आम्ही चालत दहा मिनिटांवर राहतो आणि वरच्या मजल्यावर भाड्याच्या चार खोल्या आहेत. त्यामुळे जून उजाडला की मला तोच प्रश्न ऐकू येतो, "ताई, गादी कुठं मिळेल?"

"गोलाईला."

लातूरकराला एवढं उत्तर पुरतं, गोलाई म्हणजे गावाच्या मधोमधची गोल बाजारपेठ हे त्याला ठाऊक असतं. नव्या माणसाला ते पुरत नाही, हे एका बाईंनी मला दाखवून दिलं. त्या सकाळी अकराला गेल्या आणि दुपारी तीनला परत आल्या, हात रिकामे आणि चेहरा उतरलेला. गोलाईला तीन वेढे घातले म्हणे, आणि तिन्ही वेळा बाहेर पडल्या त्या भलत्याच रस्त्याला. तेव्हापासून नवीन आलेल्यांना मी चहा देते, समोर बसवते आणि सगळं नीट सांगते. तेच इथं लिहिते आहे.

आधी आकार समजून घ्या

गंजगोलाई म्हणजे बैलगाडीचं आडवं पडलेलं चाक. तुंब्याच्या जागी जगदंबेचं देऊळ आणि दुमजली गोल इमारत, भोवती गोल रस्ता, आणि त्यातून आऱ्यांसारखे फुटणारे सोळा रस्ते. निजामाच्या राजवटीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी हा आराखडा काढला. दुमजली इमारत १९४५ साली उभी राहिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतःचा जिल्हा मिळायला १६ ऑगस्ट १९८२ उजाडावा लागला. म्हणजे जिल्हा व्हायच्या कितीतरी आधी या गावाकडे जिल्ह्याला शोभेल असा बाजार होता. आम्हाला त्याचा थोडा गर्व आहे, तो तुम्हाला बोलण्यात जाणवेल.

आराखडा देखणा आहे, पण गोल जागेला कोपरा नसतो. "कोपऱ्यावरचं दुकान" ही आपली नेहमीची खूण इथं चालत नाही. कुठंही उभं राहा, समोर देऊळ, पाठीमागं रस्ता, डावीकडे रस्ता, उजवीकडे रस्ता. मोबाइलमधला नकाशाही गर्दीत गरगरतो.

म्हणून पहिलं काम. ज्या रस्त्यानं आत शिराल त्याच्या तोंडाशी थांबा, देवळाकडे पाठ करा आणि त्या तोंडावरच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पाट्यांचा फोटो काढा. एकाच बाजूचा नको, दोन्हींचा, कारण एखादी पाटी पुढं लावलेल्या साड्यांमागं झाकून जाते. परत निघताना ऑटोवाल्याला किंवा पाणीपुरीवाल्याला तो फोटो दाखवला तरी काम होतं.

दुसरं, इथं दिशेनं पत्ता विचारू नका, "लाईन"नं विचारा. कापड लाईन, सराफ लाईन, भुसार लाईन, लोखंड गल्ली. एकेका मालाचा एकेक रस्ता, ही जुनी रीत अजून बरीचशी टिकून आहे. "पूर्वेकडचा रस्ता कोणता?" असं विचारलंत तर माणूस आभाळाकडे बघेल. "कापड लाईन कुठं?" म्हणालात तर हात करून दाखवेल, वर "काय घ्यायचंय?" हेही विचारेल. सोळाच्या सोळा रस्त्यांची नावं सांगणारा लातूरकर मला अजून भेटायचा आहे. मी एकदा ते मोजायला निघाले होते. अकराव्या रस्त्याशी नणंदेची जाऊ भेटली आणि मोजणी तिथंच संपली.

जायचं कसं आणि कधी

मराठवाड्यात "ऑटो" म्हणतात, "रिक्षा" म्हणालात की तुम्ही पुण्याकडचे ठरता. मध्यवर्ती बसस्थानकाकडून येताना गांधी चौक, मग हनुमान चौक आणि पुढं गोलाई. सामान नसेल तर हे अंतर चालत जाण्यासारखं आहे आणि चालावंच, कारण मेन रोड बघितला की गावाचा अंदाज येतो. ऑटोत बसायच्या आधी "शेअरिंग का स्पेशल?" हे विचारून घ्या. न विचारता एकटे बसलात की तो स्पेशल धरतो आणि उतरताना वाद होतो.

वेळ सकाळची. दुकानं उघडून तासभर झाला असावा आणि ऊन तापलेलं नसावं. दुकानदाराची बोहनी झालेली असते, गर्दी अजून अंगावर आलेली नसते. संध्याकाळी सहानंतर गोलाई बघायला छान, घ्यायला वाईट. हातगाडे, दुचाक्या, शिट्ट्या, मधेच एखादी गाय. गादी खांद्यावर घेऊन त्यातून निघणं म्हणजे मिरवणुकीच्या उलट चालणं. दिवाळीच्या आधीचा रविवार तर शहाण्यानं टाळावा.

पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही. नुसता एक वेढा घाला, भाव विचारा, पुढं चला. वीस मिनिटं लागतात आणि नंतरचे दोन तास वाचतात.

लेकराच्या खोलीचं सामान

यादी मोठी करू नका. गादी, उशी, दोन चादरी, बादली, मग, कुलूप, दोरी, झाडू, झाकणाचा स्टीलचा डबा, पाण्याची कॅन. टेबल-खुर्ची आधी घरमालकाला विचारा, बहुतेक खोल्यांत असते. कूलर जूनमध्ये घेऊ नका. तो लागणार फेब्रुवारी सरल्यावर, तोवर जिन्याखाली धूळ खात पडतो.

बादलीबद्दल एक सांगायचं आहे. तुम्ही एक घ्याल, मी म्हणते दोन घ्या, आणि त्यातली एक झाकणाची. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ती गाडी स्टेशनात आली तेव्हा लोक बघायला गेले होते, लग्नाची वरात यावी तसे. आता ते दिवस नाहीत, पण खोली बघताना भाड्याच्या आधी "पाणी कितव्या दिवशी येतं?" हे विचारायची सवय लातूरनं सोडलेली नाही. तुम्हीही विचारा. मीही घरमालकीणच आहे, मला राग येत नाही.

आता गादी. इथं जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, माझीसुद्धा झाली आहे. खोल्या भाड्यानं द्यायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी एकदम चार गाद्या आणल्या. दुकान कोणतं ते राहू द्या. वरून फुगीर, खोळ नवीकोरी, फुलांची. दिवाळीपर्यंत मधे खळगा पडला आणि एका गादीची शिवण उसवली तेव्हा आतून निघाला करडा कापूस, त्यात चिंध्या आणि एक शर्टाचं बटन. जुना कापूस परत पिंजून भरलेला होता.

तेव्हा कापसाची गादी घ्यायची तर दुकानदाराला कोपऱ्याची शिवण चार बोटं उसवायला सांगा. चांगला दुकानदार काही न बोलता उसवतो आणि परत टाका घालून देतो. जो कां-कूं करतो त्याला नमस्कार करून पुढं व्हायचं. आतला कापूस चिमटीत धरून ओढा. नवा असेल तर लांब धागा निघतो आणि रंग दुधासारखा असतो. जुना असेल तर तुटतो, बोटाला धूळ लागते. मग वजन करायला लावा. गादी वजनावरच ठरते, फुगीरपणावर नाही. एका माणसाला पाच-सहा किलोंची पुरते. शक्य असेल तर डोळ्यांसमोर भरून घ्या, तासाभराचं काम. तेवढ्यात बाकीचं सामान उरकतं. फोमची गादी हलकी पडते, न्यायला सोपी, पण लातूरच्या मे महिन्यात पाठ भाजते. हे मी नाही, वरच्या खोलीतली लेकरं सांगतात.

कुलूप पितळी घ्या आणि किल्ल्या तीन मागा. एक लेकराकडे, एक घरमालकिणीकडे, एक गावी. दोन किल्ल्यांतली एक पहिल्या पंधरवड्यात हरवतेच.

भाव करायची रीत

"कुठलं गाव?" हा प्रश्न भावाच्या आधी येईल. लातूरचा दुकानदार हे चौकशीखोरपणानं विचारत नाही, दोन्हीकडची ओळख निघते का ते बघतो. परभणीकडच्या पालमचे म्हणालात की त्याच्या घरची कुणीतरी पालमला दिलेली असते. ओळख निघाली तर पाच-पन्नास रुपये कमी होतात, नाही निघाली तरी चहा मिळू शकतो. गाव जरूर सांगा. लेकरू 'नीट'च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला आलंय हे मात्र लगेच सांगू नका. दोन वर्षं राहणार आणि सगळं नव्यानं घेणार, हे त्याला त्यात ऐकू येतं.

कपड्यांत आणि चपलांत घासाघीस चालते, जोरात चालते. धान्यात फार नाही. तिथं दोन-तीन रुपये सुटतात, पण मालाची प्रत बदलून मिळते, आणि खरं शहाणपण तेच आहे. सराफ लाईनीत घडणावळीवर बोला, सोन्याच्या भावावर बोलून उपयोग नाही. भांड्यांत वजन करून घ्या. लोखंड गल्लीत "रोख देतो" म्हणून बघा.

आणि एकाच दुकानात सगळं घेऊ नका. "मावशी, सगळं इथंच घ्या, लावून देतो" म्हणणारा एका वस्तूत सोडतो आणि दुसऱ्या तीन वस्तूंत काढून घेतो.

परतीच्या पिशवीत काय न्यावं

लेकराला सोडून रिकाम्या गाडीनं परत जाणार असाल तर डाळ न्या. लातूर तूरडाळीचं आणि सोयाबीनचं गाव आहे. इथला भाव काय निघाला ते मराठवाडाभर विचारलं जातं. सकाळी आडत बाजारात चक्कर मारलीत तर पोत्यांच्या थप्प्या, हमालांची धावपळ आणि सौद्याचा गलबला बघायला मिळेल. शहरातल्या लेकरांना तो दाखवाच. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात भार शिकणाऱ्यानं एकदा पाठीवर पोतं घेतलेला हमालही बघावा.

डाळ घेताना "फटका दाखवा" म्हणा. ही वरच्या प्रतीची, कडा न तुटलेली, एकसारखी डाळ. ओंजळीत घ्या, तळहातावर चोळा आणि हात बघा. हात तुकतुकीत झाला तर डाळीला तेल जास्त लावलंय. एक दाणा दाताखाली धरा, टणकन तुटायला हवा. दबला तर ओल आहे आणि महिन्याभरात जाळी धरेल. रंग फार पिवळाधमक असेल तर मी घेत नाही. डाळीचा पिवळा जरा मळका असतो, हळदीसारखा नव्हे.

निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीचं नाव ऐकलं असेल. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वेळी पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. बोरसुरीचं वरण नुसत्या मीठ-हळदीवर गोड लागतं, वास तर शेजारी जातो. आता नाव झालं म्हणून बरेच जण कोणतीही डाळ "बोरसुरी" म्हणून देतात. ओळखीच्या दुकानदाराकडूनच घ्या, ओळख नसेल तर साधी फटका घ्या आणि सुखी राहा. चिंच मात्र बिनधास्त घ्या, नवी चिंच तांबूस आणि गरदार असते, ती चाखूनच कळते.

गूळ फार पांढरट-पिवळा नको, जरा काळपटच बरा. लेकराच्या डब्यासाठी जवसाची, कारळाची चटणी आणि येसर (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेली पूड) घेऊन ठेवा. मेसची भाजी पाणचट निघाली की हीच चटणी तारून नेते. आमच्या वरच्या एका पोरानं बारावीचं अख्खं वर्ष कारळाच्या चटणीवर काढलं असं त्याची आई म्हणते. पोरगा म्हणतो, मेस बरी होती.

पोट आणि पाय

सकाळी हॉटेलात "सुशीला" मागा. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी, वर डाळ्याचं कूट. पाहुण्यांना नाव ऐकून हसू येतं, खाल्ल्यावर दुसरी प्लेट मागतात. दुपारी हातगाड्यावर निलंगा राईस, पिवळा मसालेदार भात, झटकन पोट भरतो. मिरचीची भजी खायची तर आधी एक खाऊन बघा, मग प्लेट सांगा. इथल्या मिरच्या तुमच्या गावच्या नसतात.

बसायला जागा पाहिजे तर बाजारात शोधत बसू नका. जगदंबेच्या देवळात दर्शन घ्या, पाच मिनिटं टेका. नवरात्रात मात्र इथं पाय ठेवायला जागा नसते, बाजार आणि जत्रा एक झालेली असते. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातही या, घ्यायचं काही नसलं तरी. झुली, गोंडे, म्होरक्या, घागरमाळा, शिंगांचे रंग यांनी गाडे भरलेले असतात आणि खेड्यातून आलेले शेतकरी बैलाची वेसण निवडताना लेकीचे दागिने निवडावेत तसा वेळ घेतात.

सामान दुकानातच ठेवून आजूबाजूला जाता येतं. दुकानदार ठेवून घेतो, फक्त नाव लिहून चिठ्ठी लावा. पटेल चौकाकडचा सुरत शहावली दर्गा १९३९ सालचा आहे. वर्षातून एकदा तिथं जत्रा भरते आणि त्यात सगळ्या जातीधर्माची माणसं दिसतात. सिद्धेश्वर-रत्नेश्वर हे आमचं ग्रामदैवत. एरवी शांत, मोकळं आवार. महाशिवरात्रीला यात्रा भरली की आकाशपाळणे, जनावरांचं प्रदर्शन, धूळ आणि अर्धं लातूर. परीक्षेच्या तोंडावर ही यात्रा येते. लेकरं रात्री दहाला "क्लास होता" म्हणून परत येतात आणि हातात शेव-रेवड्यांचा पुडा असतो. मी काही विचारत नाही.

संध्याकाळ मोकळी असेल तर विलासराव देशमुख पार्कात जा. जुनी माणसं अजून नाना-नानी पार्कच म्हणतात. औसा रोडकडे विराट हनुमानाची भलीमोठी मूर्ती आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना ती दाखवा.

एखादा दिवस जास्त मुक्काम असेल तर औशाचा किल्ला वीसेक किलोमीटरवर आहे. तिथूनच निलंग्याच्या वाटेला खरोशाची लेणी लागतात, सहाव्या शतकातली मानतात. वेरूळ बघून आलेल्या माणसाला ती लहान वाटतील. पण तिथं गर्दी नसते, आणि लेण्यांसमोर बसून धपाटे खाता येतात. वेरूळला ते जमत नाही.

परतताना

गादी ऑटोच्या टपावर जाते. तिला बांधायला दोरी लागते, म्हणून यादीतली दोरी सगळ्यात आधी घ्या. नाहीतर ऑटोवाला स्वतःची काढतो आणि त्याचे वीस रुपये वेगळे. घरी आल्यावर तीच दोरी गच्चीवर कपडे वाळत घालायला होते.

एक तारीख लक्षात ठेवायची

मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. आमच्याकडे ती येळवस, वेळ अमावस्या. बाहेरगावच्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं आणि मग तो त्या दिवशी पिशवी घेऊन गोलाईत जातो. दुकानं बंद, रस्ते ओस, गोलाईत कुत्री झोपलेली. सोळाही रस्ते एका नजरेत दिसायचा वर्षातला तो एकच दिवस. सगळं गाव शेतात गेलेलं असतं, स्वतःचं शेत नसेल तर दुसऱ्याच्या. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी (पालेभाज्या आणि शेंगांची मिसळ भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), भाकरी, खीर, मडक्यातलं गार आंबील.

मेसही बंद असते. दरवर्षी दोन-तीन लेकरं बिस्किटांवर दिवस काढतात, कारण लाजेनं कुणाला विचारत नाहीत. तुमच्या लेकराला आजच सांगून ठेवा, आदल्या दिवशी घरमालकिणीला विचारायचं, "काकू, उद्या जेवायचं कसं?" ती बहुतेक म्हणेल, सकाळी आठला तयार राहा, गाडीत जागा आहे. गोलाईतनं घेतलेले नवे बूट तेवढे खोलीवर ठेवायला सांगा. काळ्या रानात जुनी चप्पलच बरी.